२५० वॅट, ताशी २५ किमी: ई-सायकलवाल्यांसाठी न्याय्य नियम कसा मागायचा?

टेकडीवासी

कमी वेगाची ई-बाइक किंवा बॅटरीची सायकल चालवणाऱ्याला चौकात अडवतात. लायसन दाखवा, नंबरप्लेट कुठाय, हेल्मेट कुठाय, आरसी काढा. कायद्याने यातलं काहीही लागत नाही. पण ते पोलिसाला दाखवून द्यायचं कसं, याची कसलीही सोय चालवणाऱ्याकडे नसते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे आणि आपली मागणीही इथूनच सुरू व्हायला हवी.

आधी नियम नीट समजून घेऊ, कारण दुकानदारही तो अर्धवटच सांगतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. बॅटरीला सीसी नसतात. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये वेगळी चौकट आखली आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकेल ती) ०.२५ किलोवॅट, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. पॅडल मारायच्या सायकलीत मोटरचा जोर वेगाबरोबर कमी होत गेला पाहिजे, आणि ताशी २५ ला किंवा पाय थांबले तर त्याआधीच तो बंद पडला पाहिजे. शिवाय चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. हे सगळं नियम १२६ मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलं, की ते वाहन मोटार वाहन उरत नाही. मग नोंदणी नाही, लायसन नाही, विमा नाही. यातल्या दोन संस्था तर आपल्या पुण्यातच आहेत, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आणि भोसरीला सीआयआरटी.

ही तपासणी होते मॉडेलची आणि कागद राहतो कंपनीच्या फाइलीत. गिऱ्हाइकाला मिळतं जीएसटीचं बिल, त्यावर लिहिलेलं असतं 'ई-बाइक, रंग लाल'. चौकातल्या हवालदाराला समोर दिसते ती स्कूटरसारखी, नंबरप्लेट नसलेली गाडी. त्याचीही अडचण खरी आहे. वेगाची लिमिट काढून ताशी ४०-४५ ने पळणाऱ्या गाड्या बाहेरून हुबेहूब अशाच दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइक्सवर कारवाईचे आदेश दिले, ते योग्यच होतं. पण तपासणी गाडीची होते आणि दंड बसतो चालवणाऱ्याला.

तो दंड किती? गाडी मर्यादेबाहेरची निघाली की ती मोटार वाहन ठरते. मग लायसन नाही म्हणून पाच हजारांपर्यंत, नोंदणी नाही म्हणून पाच हजारांपर्यंत, विमा नाही म्हणून दोन हजार. म्हणजे बारा हजारांपर्यंतचा फटका, तोही अशा माणसाला ज्याला दुकानात 'ताई, हिला लायसन लागतच नाही' असं सांगून गाडी विकलेली असते. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने कडक झालेलं कलम १८२अ विक्रेत्यावर गाडीमागे एक लाख दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगतं. ते कलम शोरूमच्या दारात कधी लावलं जाणार?

माझ्या डोक्यात ज्या मागण्या आहेत त्या अशा: चाचणी प्रमाणपत्राचा क्रमांक गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असावा. तोच क्रमांक बिलावर छापलेला असावा. मान्य मॉडेलांची यादी परिवहन विभागाने सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. आणि नवी गाडी मर्यादेबाहेरची निघाली, तर पहिली नोटीस विक्रेत्याला जावी. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी आणि ज्यांना कायद्यातलं कळतं त्यांनी लिहा. आपण मिळून मसुदा करू.

मधुरा_सोळंकी_नव्हे

फार गरजेचा धागा. आमची लेक अकरावीत आहे. क्लास लांब, रिक्षा परवडत नाही, म्हणून कमी वेगाची ई-बाइक घेतली. नियमात बसणारी गाडी असेल तर ती कायद्याने चालवू शकते. पण कलम १९९अ वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. उद्या कळलं की दुकानातूनच लिमिट काढून आली होती, तर मी 'मला माहीत नव्हतं' हे कशाच्या जोरावर सांगू? त्या कलमात पालकाला 'मला ठाऊक नव्हतं' असं सिद्ध करायची सोय आहे, पण सिद्ध करायचं ओझंही पालकावरच आहे. बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक असेल तर निदान एक कागद हातात राहील. या मागणीला माझं पूर्ण अनुमोदन.

पदपथी

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. वय सत्तरीच्या पुढे आहे, रोज सकाळ-संध्याकाळ चालतो. या गाड्या फूटपाथवरून येतात, उलट्या दिशेने येतात, आणि मुख्य म्हणजे आवाज नसतो. मागून कोपर घासून गेली तेव्हाच कळलं. पडलो, मनगटाला प्लास्टर बसलं. कोणाची तक्रार करणार? नंबर नव्हता. तुम्ही म्हणता चालवणारा गरीब आहे. असेल. पण चालणारा त्याहून उघडा आहे. सगळ्या गाड्यांना नंबर द्या, मग पुढचं बोलू.

रोजचा_रायडर

काका, तुम्हाला लागलं त्याचं वाईट वाटलं. फूटपाथवरून जाणारे आहेत आमच्यात, नाही म्हणत नाही.

पण आमची बाजूपण ऐका. मी जेवण पोचवतो. गाडी माझी नाही, आठवड्याच्या भाड्याची आहे. भाड्याच्या कंपनीने दिली तशी चालवतो. ती २५ च्या वर जाते का, कोणी खोललीय का, मला कसं कळणार? एकदा गाडी उचलून नेली. ती सुटेपर्यंत भाडं चालू, डिपॉझिट अडकलेलं, आणि ॲपवर ऑर्डर घेत नाही म्हणून रेटिंग खाली. कंपनीवाला म्हणाला, तुम्ही रायडर, तुम्ही बघा. पोलीस म्हणाले, गाडी तुझ्या हातात होती. दोघांच्या मधे मी.

मागणीत भाड्याच्या गाड्यांचं वेगळं लिहा. भाड्याने देणारा म्हणजे मालक, दंड मालकाला. आणि गाडी उचलली तर उचलल्याची पावती जागेवरच मिळाली पाहिजे.

गॅरेज_सांगली

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दोन गोष्टी सांगतो ज्या कागदावर कुणी लिहीत नाही.

पहिली, लिमिट काढणं म्हणजे काही मोठं काम नाही. बहुतेक स्वस्त कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या डब्यात, वेगाची मर्यादा एका लहानशा जोडवायरवर असते. ती जोडली की २५, सोडली की गाडी मोकळी. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि सरळ विचारतं, 'स्पीड खोलून द्या.' मी देत नाही, पण शेजारी देतात. आणि काही गाड्या तर खोक्यातून बाहेर काढतानाच ती वायर सुटी असते. म्हणजे फेरफार गिऱ्हाइकाने केला असं धरून चालणं चूक आहे. कंट्रोलरला कारखान्यात सील लावायची सक्ती करा. सील तुटलं असेल तर दोष कुणाचा ते शोधायला सुरुवात तरी होईल.

दुसरी, चौकात तपासणी कशी होते? गाडी मेन स्टँडवर घेतात, मूठ पिळतात आणि मीटर बघतात. हबमोटरचं (मोटर चाकातच बसवलेली असते) चाक हवेत असलं की त्यावर भार नसतो. वेग कंट्रोलरने अडवला असेल तर मीटर २५ लाच थांबेल. पण काही गाड्यांचा वेग मोटरच्या वाइंडिंगवरच (आतल्या तारेच्या वेढ्यांवर) ठरलेला असतो, त्यांचं चाक हवेत तिशीच्या पुढे जातं आणि रस्त्यावर माणूस बसला की तीच गाडी २५ च्या आत राहते. अशी निर्दोष गाडी स्टँडवर दोषी ठरते. आणखी एक, नियम तीस मिनिटांच्या शक्तीचा आहे. चढावर मोटर काही क्षण जास्त जोर देते, ते नियमाविरुद्ध नाही. पण कंट्रोलरवर ३५० चा आकडा दिसला की झालं! तपासणीची पद्धत लेखी ठरवून द्या, रस्त्यावर चालवून वेग मोजा, एवढं मसुद्यात हवंच.

टेकडीवासी

गॅरेज_सांगली, ही चाकाची गोष्ट सोन्यासारखी आहे. जशीच्या तशी घेतो.

पदपथी काका, मनगट आता बरं असेल अशी आशा करतो. तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मसुद्याबाहेर ठेवायचं नाही. पण नंबर सर्वांना लावला की काय होईल ते बघा. नंबर म्हणजे नोंदणी, मग विमा, मग लायसन, मग आरटीओची फेरी. पोळ्या करायला चार घरं फिरणारी बाई हे करणार नाही, ती पुन्हा पायी जाईल किंवा सहा आसनीत कोंबून जाईल. बेफाम चालवण्याला मात्र आजही कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये 'कोणतेही वाहन' असा उल्लेख आहे, मोटार वाहनच हवं असं नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार चालवून दुसऱ्याला धोका केला तर सायकलवालाही त्यात येतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सांगाड्यावर ठळक क्रमांक आला तर तुमच्यासारख्या माणसालाही तक्रार करायला एक धागा मिळेल. फूटपाथवर ई-बाइक नाही, हे वाक्य मसुद्यात माझ्याकडून पक्कं.

पसरणी_घाट

मला मूळ आकड्याबद्दलच बोलायचंय. २५० वॅट हा सपाट मुलखाचा आकडा आहे. हिशेब करा. माणूस, सायकल, बॅटरी मिळून १०० किलो. आठ टक्के चढ. नुसतं गुरुत्वाकर्षण ओढायला साधारण ७८ न्यूटन बळ लागतं. २५० वॅटवर वेग निघतो सेकंदाला ३.२ मीटर, म्हणजे ताशी साडेअकरा किमी. हवेचा, टायरचा अडथळा यात धरलेलाच नाही. मागे भाजीचं किंवा दुधाचं साठ किलोंचं ओझं टाका, वेग सातवर येतो, मोटर तापते, आणि घाटात मागून एसटी येत असते. सपाटीवर ताशी २५ ने जायला दीडशे वॅटच्या आसपास पुरतात. म्हणजे वॅट वाढवल्याने वेग वाढत नाही, वेगाला कुलूप वेगळंच आहे. वेग २५ च ठेवा, पण शक्ती ५०० वॅट करा. वाई-पाचगणी, महाड, सावंतवाडी, चिखलदरा इथल्या लोकांना ही सायकल खरी उपयोगी पडेल. तुमच्या मसुद्यात हे नाही, म्हणजे तो शहरी मसुदा आहे.

टेम्सकाठ

पसरणी_घाट यांचा हिशेब बरोबर आहे, पण इकडचा अनुभव सांगतो. ब्रिटनमध्ये मर्यादा २५० वॅट आणि ताशी १५.५ मैल, म्हणजे आपल्याइतकीच. वय मात्र १४ पूर्ण हवं. २०२४ मध्ये इथल्या सरकारने नेमकी हीच सूचना लोकांपुढे ठेवली होती, शक्ती ५०० वॅट करायची आणि पॅडल न मारता मुठीने चालणाऱ्या सायकलींनाही मुभा द्यायची. त्यावर मतं मागवली. सायकलवाल्यांच्या काही संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. वजन वाढेल, धडक जोरात बसेल, बॅटरीची आग, आणि सायकलला सायकल म्हणून मिळालेली सूट धोक्यात येईल, असं त्यांचं म्हणणं. अखेर सरकारने तो बदल केला नाही. सांगायचा मुद्दा, ५०० ची मागणी पुढे केली की सगळी चर्चा तिच्याभोवतीच फिरते आणि बाकीचं मागे पडतं.

नानिवडेकर_दुसरे

आपल्या राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली ना? मग लायसनचा प्रश्न मिटला असेल.

टेकडीवासी

तो विषय पूर्ण वेगळा आहे. टॅक्सीच्या ई-बाइक्स या नोंदणी झालेल्या, परवान्याच्या गाड्या. लायसन, विमा सगळं लागतं. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो, चौकातही होतो. म्हणून मसुद्यात आपण 'नियम २(यू) मधील सूटप्राप्त वाहन' असंच लिहू.

क्वीन्सकर

न्यूयॉर्कमध्ये ही लढाई माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून सविस्तर लिहितो. इथे जेवण पोचवणारे बहुतेक स्थलांतरित, चिनी आणि स्पॅनिश बोलणारे. त्यांच्या ई-बाइक्स मुठीने चालणाऱ्या, आणि त्या राज्यात बेकायदा होत्या. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये महापौर बिल द ब्लाझिओ यांनी कारवाई वाढवण्याची घोषणा केली. ५०० डॉलर दंड आणि गाडी जप्त. जेवण पाठवणारं हॉटेल सुटायचं, पोचवणारा अडकायचा. २०१८ मध्ये शहराने पॅडलवाल्या ई-बाइक्स मान्य केल्या, म्हणजे ज्या बऱ्या घरच्या लोकांकडे होत्या त्या. डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या तशाच बेकायदा राहिल्या. हा भेद लोकांना टोचला.

मग कामगार संघटना, सायकल संघटना आणि स्थलांतरितांच्या संस्था 'डिलिव्हर जस्टिस' नावाच्या आघाडीत एकत्र आल्या. त्यांनी रायडरांना स्वतः सिटी हॉलच्या पायऱ्यांवर उभं केलं, दुभाषे बरोबर दिले. आमच्या क्वीन्स भागाच्या राज्य सिनेटर जेसिका रामोस यांनी विधेयक मांडलं. २०१९ मध्ये ते दोन्ही सभागृहांत पास झालं आणि डिसेंबरमध्ये गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी नकाराधिकार वापरला, हेल्मेट वगैरेंची तरतूद नाही म्हणून. लोक खचले नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, कोविडने शहर ठप्प असताना, राज्याच्या अर्थसंकल्पातून ई-बाइक्स कायदेशीर झाल्या. सगळं शहर घरात होतं आणि हेच लोक दारोदार जेवण नेत होते, ते सर्वांना दिसत होतं.

पण पुढचं दुखणं विसरू नका. स्वस्त बॅटऱ्यांच्या आगी वाढल्या, २०२३ मध्ये एकट्या या शहरात १८ माणसं दगावली. त्या वर्षी सप्टेंबरपासून प्रमाणित बॅटरीशिवाय विक्रीवर बंदी आली. २०२५ मध्ये ई-बाइकला ताशी १५ मैलांची मर्यादाही आली. सूट मिळवली तरी सुरक्षेचा प्रश्न तुम्ही स्वतः उचलला नाही, तर तो उद्या तुमच्याविरुद्ध उचलला जातो. बॅटरीची कसोटी तुमच्याच मागण्यांत पहिल्या दोनांत घाला.

मधुरा_सोळंकी_नव्हे

बॅटरीचा मुद्दा सोसायटीतही रोज येतो. आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगला बंदी घातली आहे, म्हणून लोक बॅटरी चौथ्या मजल्यावर नेतात आणि रात्रभर पलंगाशेजारी लावून ठेवतात. खाली मोकळ्या जागेत, वेगळ्या मीटरवर लावणं कितीतरी सुरक्षित. २०२२ मध्ये पुण्यात ई-स्कूटर रस्त्यावर पेटल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तेव्हापासून कोणी ऐकूनच घेत नाही.

कलम_दोनशेबारा

वकिली करतो, मोटार अपघात दाव्यांची. प्रक्रियेबद्दल लिहितो, कारण चुकीच्या दारात अर्ज दिला की तो वर्षभर नुसता फिरतो.

नियम २(यू) केंद्राचा. त्यात बदल हवा असेल (सांगाड्यावर क्रमांक, कंट्रोलरला सील, बॅटरीची कसोटी, ५०० वॅट) तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे जावं लागेल. कलम २१२ प्रमाणे नियम आधी मसुदा म्हणून राजपत्रात यावे लागतात आणि हरकती-सूचनांना मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत शेकडो अर्ज गेले तर दखल घ्यावी लागते. पण मसुदा काढायला लावणं हे पहिलं काम, त्यासाठी खासदार हवा. लोकसभेतला एक लेखी प्रश्न पुरेसा आहे, सरकारला उत्तर नोंदीवर द्यावं लागतं.

जप्तीची पावती, तपासणीची पद्धत, विक्रेत्यांवर १८२अ खाली कारवाई, मान्य मॉडेलांची यादी, हे सगळं राज्याच्या परिवहन आयुक्तांच्या एका परिपत्रकाने होऊ शकतं. त्याला दिल्ली नको. अधिवेशनात आमदाराने तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडली तर वेग येईल. त्याआधी माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: २०२२ च्या आदेशानंतर किती चालवणाऱ्यांवर आणि किती विक्रेत्यांवर कारवाई झाली? उत्तर काहीही येवो, मसुद्याच्या पहिल्या पानावर तेच लावा. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्या बैठकीत विषय घ्यायला लावता येतो.

माझा सल्ला, अर्ज दोन करा. राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा.

पसरणी_घाट

दोन अर्ज असतील तर ५०० वॅट केंद्राच्या अर्जात जाईल का? का तिथेही शेवटी ढकलणार?

टेकडीवासी

जाईल, पण मागणी म्हणून नाही, चाचणीची विनंती म्हणून. घाटातल्या मालवाहू सायकलींसाठी, वेग २५ च ठेवून, चाचणी संस्थेने प्रयोग करावा आणि निष्कर्ष जाहीर करावेत. तुमचा आठ टक्के चढाचा हिशेब जोडपत्रात घेऊ. टेम्सकाठ यांनी सांगितलेला धोका मला पटतो. लायसन नसलेल्या बाईला चौकात बारा हजारांची भीती आहे, ते आज थांबायला हवं. वॅटच्या वादात ते सहा महिने अडकू नये.

राज्याच्या अर्जाचा कच्चा मजकूर देतो, दुरुस्त्या सुचवा:

"महोदय, नियम २(यू) नुसार सूटप्राप्त दुचाकी चालवणाऱ्या नागरिकांकडे नोंदणी, परवाना वा विमा मागितला जाऊ नये, अशा लेखी सूचना सर्व वाहतूक शाखांना द्याव्यात. वाहनाचा वेग चाक उचलून नव्हे, तर रस्त्यावर चालवून मोजावा. वाहन ताब्यात घेतल्यास कारण नमूद केलेली पावती जागीच द्यावी. मर्यादेबाहेरचे वाहन आढळल्यास विक्रेत्याची, आणि भाड्याचे असल्यास मालकाची चौकशी प्रथम व्हावी. मान्य मॉडेलांची यादी विभागाने प्रसिद्ध करावी. पदपथावरून व विरुद्ध दिशेने वाहन चालवणाऱ्यांवर, वाहन कोणतेही असो, कारवाई व्हावी."

रोजचा_रायडर

'ॲपवरचं काम जप्तीच्या काळात बंद पडलं तर रेटिंग कापू नये' हे यात बसेल का?

कलम_दोनशेबारा

परिवहन आयुक्तांकडे नाही बसणार. ते कामगार आयुक्तांकडे वेगळ्या पत्राने द्या, मी मजकूर करून देतो. पावतीच्या वाक्यात 'तारीख, वेळ, ठिकाण व अधिकाऱ्याचे पद' घाला. नाहीतर नुसतं चिठोरं हातात ठेवतील.

पदपथी

पदपथाचं वाक्य घेतलंत, पण ते शेवटी आहे. वर घ्या. आणि घंटा किंवा हॉर्न चालू असणं सक्तीचं करा, आवाज नाही ही माझी मुख्य तक्रार होती. त्यानंतर पुन्हा वाचेन, मग सहीचं ठरवेन.

गॅरेज_सांगली

घंटेचं वाक्य जरूर घ्या, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. कंट्रोलरचे सीलसकट आणि सील नसलेले असे दोन्ही फोटो उद्या दुकान उघडल्यावर काढून टाकतो, जोडपत्राला होतील.

टेकडीवासी

पदपथाचं वाक्य दुसऱ्या क्रमांकावर आणलं, घंटेचं त्याला जोडलं, पावतीचा तपशील घातला. माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात परिवहन आयुक्त कार्यालयात देतोय. नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथून आपापल्या आरटीओकडे हाच प्रश्न कोण विचारेल? इथेच लिहा, म्हणजे अर्जाचा नमुना पाठवतो.